अप्पा आहेत का? (नंबर माझा, माणसं दुसऱ्याची)

पम्या_कोथरूड

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी कामासाठी वेगळा नंबर हवा म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून सिम घेतलं. दुकानदाराने कागदावर चार नंबर लिहून दिले, त्यातला लक्षात राहील असा एक उचलला. तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला फोन. "अप्पा, नारळ आणून ठेवलाय, गाडी पाठवू का तुम्ही येताय?" मी झोपेत म्हटलं कोण अप्पा, तर समोरचा हसायला लागला, "काय अप्पा, गरिबाची चेष्टा करता व्हय."

मग कळलं. माझ्या नंबरचा आधीचा मालक पाणाड्या. म्हणजे बोअरला पॉइंट दाखवणारा, हातावर नारळ ठेवून रानात फिरायचं आणि नारळ उभा राहिला की तिथं पाणी. शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, इकडे दौंडपर्यंत अप्पांचं नाव. मी जीएसटीची रिटर्नं भरणारा माणूस, मला बाटलीतलं सोडून पाणी सापडत नाही.

फेब्रुवारी ते मे रोज चार-पाच फोन, पावसाळा लागला की बंद, दिवाळी झाली की परत हळूहळू सुरू. एकदा एक बाई रडायलाच लागल्या, दोन बोअर कोरड्या गेल्या होत्या आणि तिसरीला कर्ज काढलं होतं, अप्पा नाहीत म्हटल्यावर त्यांना वाटलं अप्पा वारले. मला तरी काय माहीत वारले की आहेत. मी "नाही नाही, बरे आहेत" असं सांगून मोकळा झालो, कुठल्या भरवशावर सांगितलं देव जाणे.

इथपर्यंत गंमत होती. पण अप्पांचे बँकेचे मेसेज पण मलाच येतात. खात्यातून किती काढले, किती राहिले, मधेच किसान सन्मानचे २००० जमा. परवा तर ओटीपी आला. म्हणजे अप्पांचं खातं माझ्या खिशात आहे, आणि अप्पांना पत्ता नाही. एवढा विश्वास माझ्यावर सख्ख्या भावाने टाकला नव्हता.

नंबर बदलू का? माझे सगळे क्लायंट यावर आहेत. आणि तुमच्यापैकी कुणाला असले अनुभव आहेत का, नावामुळे नाहीतर नंबरामुळे भलताच माणूस समजले असे? लिहा.

गिरगावची_माई

अरे तुम्हाला आत्ता झालं, आमच्यावेळी तर नंबर उघडपणे दुसऱ्याचाच असायचा. पीपी नंबर आठवतो का कुणाला? लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर पुढे कंसात पीपी. फोन खालच्या मजल्यावरच्यांचा, आणि अख्ख्या चाळीचा नातेवाईक गोतावळा त्यावर. ज्यांच्याकडे फोन ते काका गॅलरीत येऊन हाक मारायचे, जोशी, फोन. आता आमच्या मजल्यावर जोशी दोन बिऱ्हाडं, आणि दोन्हीकडे उपवर मुलगी.

एकदा फोन आला की मुलगी पसंत आहे. हाक मारली, पहिल्या बिऱ्हाडातले जोशी लेंगा सावरत धावत खाली गेले, हो हो करून आले, वर येऊन पेढे वाटले. संध्याकाळी कळलं की ते स्थळ पलीकडच्या जोश्यांचं होतं. ह्यांनी मुलगा बघितलेलाच नव्हता!! पेढे सगळ्यांनी खाल्लेले. पुढची दोन वर्षं ती दोन घरं गणपतीत एकमेकांकडे आरतीला गेली नाहीत, यात मुलींचा काय दोष पण त्या जिन्यात समोरासमोर आल्या की खाली बघून जायच्या.

टॉवरवाला

पम्या, तुमच्या केसमध्ये काय झालं असणार ते सांगतो, मी याच क्षेत्रात काम करायचो.

प्रीपेड सिमवर ९० दिवस काहीच वापर नाही, फोन नाही, मेसेज नाही, डेटा नाही आणि बॅलन्स पण नाही, की कंपनी ते बंद करते. म्हातारी माणसं मुलाकडे राहायला जातात, साधा फोन कपाटात पडतो, रिचार्ज कोण करणार. त्यानंतर अजून किमान ९० दिवस तो नंबर कुणाला द्यायचा नाही असा नियम आहे, ट्रायने (फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात पण हेच सांगितलं होतं. तेवढे दिवस झाले की नंबर धुऊन पुसून परत दुकानात. देशात दहा आकडी नंबर किती उरणार, फिरवावेच लागतात.

फक्त नंबर धुतला जातो हो, त्याला चिकटलेली माणसं नाही धुतली जात. व्हॉट्सॅपचं त्यातल्या त्यात बरं, जुनं खातं ४५ दिवस निपचित पडून असेल आणि नंबर नव्या फोनवर चालू झाला की जुना डेटा काढून टाकतात. बँकेला मात्र कुणी सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आता बंद झालेल्या नंबरांची यादी सरकारकडून निघते आणि ती तपासून ग्राहकांचे नंबर अपडेट करा असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय. पण अप्पांचा नंबर त्याच्या आधीच तुमच्याकडे आलेला, आणि आता तो चालू आहे, म्हणजे यादीत कशाला सापडेल.

तुम्ही एक करा, मेसेजमध्ये बँकेचं नाव येतच असेल, त्यांना लेखी कळवा की हा नंबर आता माझा आहे, काढा. पोच घ्या. ओटीपी आल्या आल्या डिलीट, कुणी फोनवर मागितला तरी द्यायचा नाही, अगदी अप्पांचा मुलगा म्हणून मागितला तरी नाही.

धाकटी_स्वाती

माझं वेगळंच. माझं नाव स्वाती, मोठ्या जावेचं पण स्वाती. लग्न ठरताना सासूबाई म्हणाल्या बदलूया, तांदळात दुसरं नाव लिहायचं, मी नको म्हटलं, शाळेपासूनची सर्टिफिकेटं आहेत. ती पण बदलेना, ती आधी आलेली. तेव्हापासून घरात मोठी स्वाती धाकटी स्वाती. मधलं नाव काय ते वेगळं, पण मधलं नाव कोण वाचतं?

दोघींनी एकाच दिवशी रक्त तपासलं. घरी येऊन सॅम्पल नेलेलं, त्या पोराने दोन्ही बाटल्यांवर नाव आणि आडनाव एवढंच लिहिलं. माझी तीन महिन्यांची साखर ९.२ आली. मी ढसाढसा रडले, त्याच दिवसापासून भात बंद, बटाटा बंद, चहा बिनसाखरेचा, सकाळी पाच किलोमीटर चालणं. ऐन मे महिना, समोर आमरसाचं पातेलं आणि मोठ्या जाऊबाई वाटीवर वाटी हाणतायत, वर मला म्हणतात अगं घे की एक चमचा, एवढ्याने काय होतंय. पंधरा दिवसांनी डॉक्टरांना शंका आली, परत तपासलं तर माझी ५.४. म्हणजे ९.२ कोणाची हे सांगायला नको.

आता हसतोय पण तेव्हा त्यांना चक्करच आली ऐकून. तेव्हापासून बाटलीवर पूर्ण नाव आणि वय लिहिलेलं मी स्वतः वाचते मगच पोराला दाराबाहेर सोडते.

पम्या_कोथरूड

स्वातीताई 😂😂 आमरसाची वाटी डोळ्यासमोर आली. टॉवरवाले धन्यवाद, उद्याच बँकेत जातो.

पुरावा_द्या

धाग्याचा विषय वेगळा आहे मान्य, पण नारळाने पाणी सापडतं हे इथे एवढं सहज लिहिलंय म्हणून बोलतो. आपल्याकडे खाली काळा पाषाण, बेसाल्ट. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि दोन थरांच्या मधे. बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच, लागलं की पाणाड्याचं नाव होतं आणि नाही लागलं की शेतकऱ्याचं नशीब. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा म्हणून सरकारी खातं आहे, त्यांचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण करून सांगतात. अप्पांचे फोन येतात तर लोकांना तिकडचा रस्ता दाखवा, पुण्य लागेल.

रानातला_माणूस

पुरावा साहेब, अर्ज करून तुमचा साहेब येईस्तोवर पीक वाळून जातं. नारळवाला सकाळी बोलावला की दुपारी येतो आणि जे वाटेल ते घेतो. आमी काय येडे नाही, आमाला बी म्हाईत हे शंभर टक्के नसतं. पण अडीच-तीन लाखाचा जुगार खेळताना कुणीतरी बरोबर उभं पाहिजे माणसाला.

असो. नावावरून मी एक सांगतो. आमच्याकडं आजा वारला की त्याचं नाव नातवाला. माझ्या पणज्याला तीन पोरं. तिघांनी आपापल्या थोरल्याचं नाव बापाचंच ठेवलं, दगडू. म्हंजे एका वाड्यात तीन दगडू, तिन्ही एकाच आडनावाचे. गावानं काळा दगडू, मास्तर दगडू आणि मळ्यातला दगडू अशी सोय केली. पण सातबाऱ्यावर काळा गोरा लिहीत नाहीत की. मळ्यातला दगडू वारला तर वारस नोंद करताना फेरफार मास्तर दगडूच्या गटावर वडला. जिवंत माणसाच्या जमिनीला वारस लागले!!! मास्तर दगडू हातात काठी घेऊन तलाठ्याकडं, की बाबा मी तुझ्यासमोर उभा हाय.

लेखनातली चूक म्हणून तहसीलदाराकडं कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज केला, महसूल अधिनियमातलं कलम हाय ते. चूक एका मिनिटात झाली, दुरुस्तीला चौदा महिने गेले, तवर मास्तरला सोसायटीचं पीककर्ज नाही. आता आमच्या पिढीत ठरवलंय, आज्याचं नाव पाळण्यात कानात सांगायचं आणि दाखल्यावर दुसरंच लिहायचं.

मीच_तो_पाटील

माझं नाव घ्या आणि राज्यात कुठेही दगड मारा, मला लागेल. म्हणून पूर्ण लिहीत नाही.

गृहकर्जाला अर्ज केला, बँकवाला म्हणतो सर तुमचं आधीचं ट्रॅक्टरचं कर्ज थकलंय. मी पिंपरीत फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो, ट्रॅक्टर कुठे लावू, गॅलरीत? तर माझ्याच नावाच्या, त्याच वर्षी जन्मलेल्या कुणाचं तरी कर्ज माझ्या क्रेडिट रिपोर्टला चिकटलेलं. देशात असे रिपोर्ट ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, त्यातल्या दोघांकडे मी ट्रॅक्टरवाला आणि दोघांकडे सज्जन.

ज्यांची नावं अशी बाजारू आहेत त्यांच्यासाठी लिहितो. चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो तो काढत जा, कर्ज लागायची वाट बघू नका. चूक असेल तर तक्रार टाका, ३० दिवसांत निपटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. माझी अठ्ठाविसाव्या दिवशी निपटली, नियम त्यांनाही पाठ आहे.

पण एक मनात राहिलंच. त्या दुसऱ्या पाटलाला माझ्या वेळेवर भरलेल्या हप्त्यांचा फायदा झाला असेल का कुठे? झाला असेल तर होऊदे, बिचाऱ्याचा ट्रॅक्टर तरी सुटला असेल.

राजकारण_नको_म्हणता_म्हणता

नावाच्या विषयात रायगडचा उल्लेख अजून कसा नाही? २०१४ लोकसभा. अनंत गीते विरुद्ध सुनील तटकरे. तटकरे पडले २११० मतांनी. आणि त्याच मतपत्रिकेवर अपक्ष सुनील श्याम तटकरे, त्यांना मतं ९८४९. घ्या. पुढे १ मे २०१५ पासूनच्या निवडणुकांत उमेदवाराचा फोटो छापायला लागले ते अशाच गोंधळांमुळे, पण नामसाधर्म्याचे उमेदवार काही कमी झाले नाहीत. मे २०२४ मध्ये कुणीतरी सुप्रीम कोर्टात गेलं होतं की हे बंद करा, कोर्टाने ऐकलं नाही, आईबापाने नाव ठेवलं म्हणून त्याला उभं राहू द्यायचं नाही का, असा एकूण सूर होता. मला कोर्टाचं पटलं. आमच्या वॉर्डात एका पानटपरीवाल्याला नावासाठी शोधत आलेले, अर्ज, डिपॉझिट सगळं आमचं म्हणे, तू फक्त सही कर. तो म्हणाला माझ्या नावाला आयुष्यात पहिल्यांदा भाव आलाय, विचार करून सांगतो.

ट्रेंटनचा_कुलकर्णी

इकडे न्यू जर्सीत औषधाच्या दुकानात नाव सांगितलं की काउंटरवरची बाई लगेच जन्मतारीख विचारते, कारण आमच्या गावात माझ्या नावाचे तीन कुलकर्णी आहेत. एकमेकांना आम्ही जन्मतारखेने ओळखतो, मार्चवाला, सप्टेंबरवाला.

पण माझा खरा जुळा भाऊ नागपुरात आहे. जीमेल सुरुवातीला निघालं तेव्हा मी नाव.आडनाव असं साधं खातं घेऊन ठेवलं. जीमेल मधलं टिंब मोजतच नाही, टिंब द्या न द्या, खातं एकच. नागपूरच्या साहेबांचं खातं आहे आकड्यासकट, आणि ते फॉर्म भरताना आकडा खातात. त्यामुळे त्यांचं सगळं मला येतं. मुलीच्या शाळेची फी, गाडीचं सर्व्हिसिंग, विम्याचा हप्ता. मुलगी पाचवीत असल्यापासून मी बघतोय, आता बारावी झाली. दहावीच्या क्लासचे मार्क मला त्यांच्या आधी कळायचे, गणितात जरा कच्ची होती, नंतर सुधारली. तिच्या क्लासला दोन वेळा उत्तर लिहिलं की हा पत्ता चुकीचा आहे, त्यांचं उत्तर आलं, आदरणीय पालक, आपली सूचना नोंदवली आहे.

मागच्या महिन्यात काहीच आलं नाही तर मला चुकल्यासारखं झालं. बायको म्हणते तू वेडा झालायस.

गिरगावची_माई

कुलकर्णी, बारावीला किती पडले ते सांगा आधी!

ट्रेंटनचा_कुलकर्णी

माई, ते नाही सांगत, ती तिची खाजगी गोष्ट. पण चांगले पडले 🙂

सरळसोट

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव आपल्या राज्यात सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायचं आहे. आता चार शब्द झाले, तीन दगडूंचा प्रश्न पुढच्या पिढीला थोडा कमी पडेल. नंबरांसाठी मात्र असं काही नाही. पम्या, बँकेचं काय झालं?

पम्या_कोथरूड

उशीर झाला, रिटर्नांचा सीझन होता.

बँकेत गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला खातेदाराला घेऊन या. म्हटलं खातेदार कोण तेच मला माहीत नाही, अप्पा एवढंच माहीत आहे. तो म्हणाला मग आम्हाला काही करता येणार नाही, आणि खातेदाराचं नाव मी तुम्हाला सांगू पण शकत नाही. बरोबर आहे त्याचं. मॅनेजरकडे अर्ज दिला, पोच घेतली, तरी पुढचे दहा दिवस मेसेज चालूच.

मग म्हटलं आता फोन करणाऱ्यांनाच विचारू. दोन वर्षं "रॉंग नंबर" म्हणून ठेवत होतो, कधी विचारलंच नव्हतं की अप्पा राहतात कुठे. पुढचा फोन आला श्रीगोंद्याहून, म्हटलं दादा, मी अप्पा नाही पण मला अप्पा पाहिजेत. तो म्हणाला मला बी तेच पाहिजेत! असं करत चौथ्या माणसाकडून गाव कळलं, गावातल्या किराणा दुकानाचा नंबर मिळाला, दुकानदाराने मुलाचा दिला.

अप्पा आहेत. चाकणला मुलाकडे असतात. पायाचं हाड मोडलं तेव्हा पोराने आणलं, मग इथेच राहिले. फोन गावच्या घरात फडताळात होता, टॉवरवाले तुमचं अगदी शब्दशः. मुलगा आधी मला फसवणारा समजला, कारण मी पहिलंच वाक्य "तुमच्या वडिलांच्या बँक खात्याबद्दल बोलायचंय" असं टाकलं 🤦 त्याने फोन आपटला. दुसऱ्यांदा मी नारळापासून सुरुवात केली तेव्हा ऐकून घेतलं. दुसऱ्याच दिवशी अप्पांना रिक्षात घालून बँकेच्या शाखेत नेलं, नंबर बदलला. सोमवारपासून मेसेज बंद.

अप्पांशी बोललो. आवाज एकदम खणखणीत. पहिला प्रश्न, किती फोन येतात? म्हटलं उन्हाळ्यात रोज चार-पाच. गप्प झाले. मग म्हणाले, पोरगं म्हणत होतं आता कोण विचारतंय तुम्हाला. मी काय बोलणार. मग त्यांनी एकेकाची चौकशी केली, तो पारनेरचा होता का, त्याच्या वरच्या अंगाला ओढा आहे तिथं मारू नको म्हणून सांग. मी आपला पेन घेऊन लिहून घेतोय, जीएसटीच्या वहीत, मागच्या पानावर.

नंबर बदलत नाही. अप्पांचा नवा नंबर त्यांना विचारूनच आलेल्या माणसाला देतो, आणि पुरावा साहेबांच्या भूजल खात्याचं पण सांगतो, दोन्ही सांगतो.

काल त्या बाईंचा परत फोन आला, रडल्या होत्या त्या. मी ओळखला आवाज. त्या मला अप्पाच समजून बोलत होत्या, मी मधे बोललोच नाही. म्हणाल्या अप्पा, तुम्ही मागं ह्यांना दाखवलेली विहिरीच्या पाठची जागा, तिथंच मारली शेवटी, एकशे नव्वद फुटांना दोन इंची पाणी लागलं. पेढे कुठं पाठवू?

म्हटलं चाकणला.

रानातला_माणूस

दोन इंची म्हंजे लई झालं. पम्याशेठ, आमच्या वरच्या तुकड्यात एक पॉइंट बघायचाय, अप्पांचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा.

पुरावा_द्या

मलाही करा. फक्त बोलायचंय.